एका कोठीचे दोन कोठावळे

लग्नघरात कोठीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असते. तूप किती आले, साखर किती उठली, हे त्याला तोंडपाठ असते. आणि पंक्ती बसल्यावर काही कमी पडले तर जाबही त्यालाच विचारला जातो. आता अशी कल्पना करा की, त्या घरात बाहेरगावचा एक आचारी आला आणि येताना स्वतःचा कोठावळा बरोबर घेऊन आला. हा नवा गृहस्थ मोठा चपळ. बाजारात आज काय ताजे आले आहे, याची त्याला बित्तंबातमी. पण तो आपला माल आणून टाकतो त्याच कोठीत, आणि जुन्या कोठावळ्याच्या वहीत त्याची नोंद मात्र करीत नाही. दोघेही प्रामाणिक, दोघेही कामसू. तरी तिसऱ्या दिवशी पंक्तीचा खोळंबा झाल्यावाचून राहणार नाही!

वाचकहो, संगणकाच्या जगात हा पेच गेली कित्येक वर्षे चालू आहे. संगणक आता तालुक्याच्या गावी, शाळेत, पतपेढीत येऊन पोहोचला आहे. तेव्हा हा पेच काय आहे, आणि शहाण्या माणसांनी तो कसा सोडवत आणला, हे समजून घेणे आपल्याही कामाचे आहे. शिक्षकांना तर विशेषच.

प्रथम जुन्या कोठावळ्याची ओळख करून घेऊ. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्डस या तरुणाने 'लिनक्स' नावाचा संगणकाचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. पण नुसते इंजिन म्हणजे काही मोटार नव्हे. तिला चाके हवीत, बैठक हवी, दिवे हवेत. संगणकावर पत्र लिहायचे, चित्र काढायचे, हिशेब करायचा, तर त्यासाठी शेकडो निरनिराळे कार्यक्रम त्या गाभ्याभोवती जुळवावे लागतात. ही जुळवाजुळव करून, सर्व वस्तू एकमेकींशी पटतील अशा बेताने बांधून लोकांना देणे, याला 'वितरण' म्हणतात. अशा वितरणांपैकी एक जुने आणि मान्यता पावलेले वितरण म्हणजे 'डेबियन'. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी ते सुरू केल्याचे जाहीर केले. सर्वत्र वापरले जाणारे 'उबंटू' हे डेबियनपासूनच निघाले आहे. आणि ज्या सी-डॅक संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या पुण्यास आहे, त्या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. म्हणजे हा विषय वाटतो तितका दूरचा नव्हे.

डेबियनमध्ये प्रत्येक कार्यक्रम एका गाठोड्यात बांधून ठेवलेला असतो. त्याला 'पॅकेज' म्हणतात. आज अशी ६०,००० हून अधिक गाठोडी डेबियनच्या कोठीत आहेत. प्रत्येकावर एक चिठ्ठी असते: आत काय आहे, कितवी आवृत्ती आहे, हे चालायला आणखी कोणती गाठोडी लागतात, आणि — हे लक्षात ठेवा — हे कोणी सांभाळले आहे, त्याचे नाव. गाठोडे सदोष निघाले तर तक्रार कोणाकडे करायची, हे त्यावरच लिहिलेले असते, आणि ती तक्रार साऱ्या जगाला वाचता येते. हे काम करणारी बहुतेक माणसे स्वयंसेवक आहेत. सुमारे दोन वर्षांनी ते एक 'स्थिर' आवृत्ती काढतात आणि वचन देतात की, पहिली तीन वर्षे पूर्णपणे आणि पुढची दोन दीर्घ मुदतीच्या योजनेत, अशी एकूण पाच वर्षे तिच्यातील सुरक्षेच्या उणिवा दुरुस्त केल्या जातील. कोठीतून माल काढून देणारा, वहीत नोंद ठेवणारा जो कार्यक्रम आहे, त्याचे नाव 'ॲप्ट'. हाच आपला जुना कोठावळा.

आता नवा कोठावळा पाहू. नेदरलँड्समध्ये काम करीत असताना खिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली 'पायथन' ही संगणकाला सूचना देण्याची भाषा प्रसिद्ध केली. ती शिकायला सोपी, वाचायला स्वच्छ. म्हणून आज अनेक शाळा-महाविद्यालयांतून मुले प्रथम हीच भाषा शिकतात. या भाषेत लिहिलेली तयार साधने लोक एकमेकांना देऊ लागले आणि २००३ साली त्यांच्यासाठी एक सार्वजनिक बाजार उघडला. तेथे आज पाच लाखांहून अधिक प्रकल्प मांडलेले आहेत. या बाजारातून हवी ती वस्तू क्षणात आणून देणारा जो कार्यक्रम २००८ साली आला, त्याचे नाव 'पिप'. बाजारात कोणीही उठून आपली वस्तू मांडू शकतो. दारावर तपासनीस बसलेला नाही. सकाळी लिहिलेली नवी आवृत्ती संध्याकाळी मुंबईपासून मेक्सिकोपर्यंत पोहोचते. २०१४ सालच्या ३.४ या आवृत्तीपासून तर पायथनबरोबरच पिपही मिळण्याची सोय झाली.

येथवर सारे ठीक आहे. पण आता प्रश्न असा आला की, डेबियनच्या लोकांनी पायथन आपल्या कोठीत ठेवायचे, म्हणजे पिपलाही ठेवणे आले. म्हणजे एका कोठावळ्याने दुसऱ्या कोठावळ्यालाच गाठोड्यात बांधून आपल्या फळीवर ठेवायचे! साध्या कार्यक्रमाचे गाठोडे बांधणे वेगळे आणि जो स्वतःच उठून गाठोडी आणायला धावतो, त्याला बांधणे वेगळे. यात ज्या अडचणी आल्या, त्या एकेक करून पाहू.

पहिली अडचण जागेची. दोघांनीही आपला माल एकाच फळीवर ठेवला तर पिपने आणलेली वस्तू ॲप्टच्या वस्तूवर पडते. ॲप्टच्या वहीत एक लिहिलेले आणि फळीवर भलतेच. यावर डेबियनने असा तोडगा काढला की, ॲप्टचा माल एका खणात आणि पिपचा माल निराळ्या 'लोकल' म्हणजे स्थानिक खणात ठेवावा. कोणी कोणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. हा तोडगा बरा होता, पण अर्धाच. कारण पायथन एखादी वस्तू शोधू लागले की ते स्थानिक खण आधी उघडते. तेथे वस्तू मिळाली तर पुढे पाहतच नाही. म्हणजे ॲप्टची वस्तू फळीवर जशीच्या तशी आहे, वहीही बरोबर आहे, पण पंक्तीत वाढली जाते आहे ती पिपने आणलेली!

आणि यातूनच दुसरी, अधिक गंभीर अडचण उभी राहते. ही पंक्ती कोणाची? नुसत्या विद्यार्थ्याच्या प्रयोगाची असती तर बिघडले नसते. पण लिनक्सच्या अनेक वितरणांत संगणकाचे स्वतःचे घरकामही पायथनमध्ये लिहिलेले असते. रेड हॅटच्या वितरणांत तर माल आणणारा 'यम' हा कोठावळाच पायथनमध्ये लिहिलेला होता. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या एका धड्यासाठी साऱ्या संगणकाचा अधिकार वापरून नवी आवृत्ती आणली, आणि तिच्यात एखाद्या क्रियेचे नाव बदलले असले, तर धडा चालतो आणि यंत्राचे घरकाम बंद पडते. बिचारा विद्यार्थी म्हणतो, "मी तर काहीच मोडलं नाही!" त्याचे म्हणणे खरेही असते. त्याने मोडले नाही. त्याने वरचढ वस्तू आणून ठेवली, एवढेच.

तिसरी अडचण पिपच्या पोटातली. पिपला इंटरनेटवरून माल आणायला स्वतःला काही साधने लागतात. त्याच्या कर्त्यांनी त्या साधनांच्या प्रती पिपच्या पोटातच ठेवून दिल्या. का? तर विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर विहिरीतच ठेवून चालत नाही. बाहेरची साधने बिघडली तरी ती दुरुस्त करणारा पिप चालला पाहिजे. हे त्यांचे म्हणणे बिनतोड आहे.

पण डेबियनचा नियम याच्या उलट. तेथे एका वस्तूची कोठीत शक्यतो एकच प्रत असावी, असा दंडक आहे. त्यालाही तितकेच सबळ कारण आहे. समजा, त्या साधनात उद्या सुरक्षेचे एखादे भोक सापडले. प्रत एक असेल तर एका ठिकाणी ठिगळ लावले की काम झाले. वीस कार्यक्रमांच्या पोटात वीस प्रती दडलेल्या असतील तर त्या शोधायच्या कोणी, आणि एखादी राहून गेली तर जबाबदार कोण? म्हणून डेबियनने पिपच्या पोटातल्या प्रती काढल्या आणि त्याला कोठीतील सामाईक साधने वापरायला लावली. याचा परिणाम २०१४ च्या सुमारास उबंटूवर अनेकांना भोगावा लागला. एखाद्याने पिपकरवीच 'रिक्वेस्ट्स' या साधनाची नवी आवृत्ती आणवली, की पिप स्वतः त्याच साधनावर अवलंबून असल्यामुळे पुढच्या वेळी चालूच होईना! ज्या फांदीवर बसला, तीच त्याने तोडली. पुढे मग मध्यममार्ग निघाला. पिपला लागणारी साधने डेबियननेच बांधायची, पण ती एका वेगळ्या, बंद डब्यात ठेवायची. बाहेरून आलेली नवी वस्तू त्या डब्यात शिरणार नाही.

चौथी अडचण विश्वासाची. बाजारातून आणलेले गाठोडे उघडताना त्यातील सूचना संगणकावर चालू शकतात. साऱ्या यंत्राचा अधिकार हाती घेऊन गाठोडे उघडले, तर आतील अनोळखी माणसालाही तोच अधिकार मिळतो. सप्टेंबर २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने पायथनच्या बाजारात अशी दहा गाठोडी दाखवून दिली, की ज्यांची नावे नावाजलेल्या वस्तूंच्या नावांशी मिळतीजुळती ठेवलेली होती. घाईत एखादे अक्षर चुकले की खऱ्याऐवजी खोटे घरात येई, आणि येताक्षणी वापरणाऱ्याचे व यंत्राचे नाव परदेशी पाठवून देई. आपल्याकडे बाजारात नामांकित बियाण्याच्या पिशवीसारखीच पिशवी छापून भलतेच बी विकतात ना? तोच हा प्रकार.

हा पेच एकट्या पायथनचा आहे असे मात्र समजू नका. जावास्क्रिप्ट भाषेचा 'एनपीएम' नावाचा कोठावळा आहे. डेबियनचा नियम असा की, गाठोडे बांधताना बाहेरच्या जाळ्याला हात लावायचा नाही; लागेल ती प्रत्येक वस्तू आधी कोठीत असली पाहिजे. आणि एनपीएमला तर चिमुकल्या वस्तू शेकड्यांनी लागतात. प्रत्येक तपासायची, प्रत्येकीचा परवाना वाचायचा, प्रत्येकीचे वेगळे गाठोडे बांधायचे. हे काम इतके वाढले की, २०१७ साली निघालेल्या डेबियन ९ या आवृत्तीत एनपीएम ठेवताच आला नाही; २०१९ च्या डेबियन १० मध्ये तो पुन्हा आला.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर मार्च २०१६ मधील एका घटनेत आहे. एका लेखकाने रागाच्या भरात आपली सर्व गाठोडी एनपीएमच्या बाजारातून काढून घेतली. त्यांत अवघ्या ११ ओळींचे एक होते. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण त्या ११ ओळींवर हजारो कार्यक्रम उभे होते. ते जगभर एकाएकी अडले, आणि काही तासांत ते गाठोडे बाजारात परत ठेवावे लागले. ज्याने आपल्या कोठीत साठा केलेला असतो, त्याला बाजार बंद पडल्याची झळ त्या दिवशी लागत नाही.

मग खरे कोणाचे? माझ्या मते दोघांचेही. पिपचे वचन ताजेपणाचे आहे. ॲप्टचे वचन टिकाऊपणाचे. डेबियन १२ मध्ये पायथनची ३.११ ही आवृत्ती आहे. डेबियन १२ निघाले जून २०२३ मध्ये, आणि त्याच ऑक्टोबरात पायथन ३.१२ बाहेर पडले. डेबियन १२ वापरणारा मात्र ३.११ वरच राहतो. नवे शिकणाऱ्याला हे जाचते, आणि ते साहजिक आहे. उलट पतपेढीचा हिशेब ज्या यंत्रावर चालतो, त्याच्या मालकाला हेच हवे असते.

जुना कोठावळा कधीच फसत नाही, असेही नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका साधनात कोणी चोरदरवाजा ठेवल्याचे उघडकीस आले. तो माल डेबियनच्या चाचणीच्या फळीपर्यंत पोहोचलाही होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. तो मागे लागला आणि चोरी सापडली. डेबियनच्या 'स्थिर' आवृत्तीत तो माल अजून शिरला नव्हता. तेव्हा उशीर करण्यातही कधी कधी शहाणपण असते. मात्र कोणाची तरी डोळस नजर त्या काळात मालावर फिरली पाहिजे.

तेव्हा तंटा मिटवायचा तर कोणाला हाकलून नव्हे, हद्द आखून मिटवावा लागतो. मे २०२१ मध्ये पायथनच्या सुधारणांसाठी जे क्रमांकित प्रस्ताव मांडले जातात, त्यांत ६६८ क्रमांकाचा प्रस्ताव आला. तो लिहिणाऱ्यांत डेबियनमध्ये पायथन सांभाळणारे होते, तसेच पिप सांभाळणारेही होते. यातली मुख्य गोष्ट अगदी साधी आहे. वितरणाने पायथनच्या खणात एक पाटी लावायची: 'हा खण दुसऱ्याच्या ताब्यात आहे.' पिपने माल टाकण्यापूर्वी ही पाटी पाहायची, आणि ती दिसली तर थांबायचे. थांबल्यावर काय करावे, हा मजकूर वितरणाने पाटीवर लिहायचा. तो वाचून दाखवायचे काम पिपचे. पाहा, कामाची वाटणी किती नेमकी आहे! जानेवारी २०२३ मध्ये निघालेल्या पिपच्या २३.० या आवृत्तीला ही पाटी वाचता येऊ लागली आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ मध्ये ती लागली. उबंटूने ती एप्रिलमधल्या आवृत्तीतच लावली होती.

ज्याला पाटी ओलांडायचीच असेल त्याच्यासाठी एक वाट ठेवली आहे, पण तिचे नाव मुद्दामच भीतिदायक आहे: 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस', म्हणजे 'यंत्राची गाठोडी मोडा'. हे शब्द स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय ती वाट उघडत नाही. दाराला कुलूप नाही. पण आत जाणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळावे, एवढी सोय आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

एक: एखादे साधन हवे असेल तर प्रथम ॲप्टला विचारा. पायथनची हजारो साधने डेबियनच्या कोठीत बांधून तयार आहेत. तेथे मिळाले तर प्रश्नच मिटला.

दोन: तेथे नसेल, किंवा नवीच आवृत्ती हवी असेल, तर प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट', म्हणजे स्वतंत्र चूल, मांडा. ही सोय पायथनमध्ये २०१२ सालापासून आहे. डेबियन व उबंटूवर तिचे गाठोडे ॲप्टकडून वेगळे मागून घ्यावे लागते, हे विसरू नका. नाहीतर पहिल्याच तासाला वर्ग अडतो. या चुलीवर पिपने काय वाटेल ते शिजवावे. मुख्य कोठीला धक्का लागत नाही. बिघडले तर ती घडी पुसून टाकावी आणि नवी मांडावी.

तीन: एखादा तयार कार्यक्रमच चालवायचा असेल, तर 'पिपएक्स' नावाचे साधन त्याच्यासाठी अशी चूल आपोआप मांडून देते.

चार: पिपपुढे 'सुडो' हा शब्द, म्हणजे साऱ्या यंत्राचा अधिकार, कधी लावू नका. पुष्कळ ठिकाणी असा सल्ला अजूनही छापलेला आढळतो. पाटी दिसली की विद्यार्थी तो सल्ला शोधून काढतात, किंवा ते भीतिदायक शब्द उतरवून घेतात, आणि तात्पुरते काम भागते. त्यांना त्या वेळी नुसते "नको" म्हणून भागणार नाही. पाटीवरचा मजकूर इंग्रजीत असतो. तो फळ्यावर मराठीत लिहून द्या आणि प्रत्येक ओळीचा अर्थ सांगा. ती लाल अक्षरे रागावण्यासाठी नाहीत. आपण कोणाच्या हद्दीत उभे आहोत, आणि आपले काम करायला जवळची मोकळी जागा कोणती, एवढेच ती सांगतात. हे ज्या मुलाला एकदा समजले, ते मूल पुढे दुसऱ्याच्या यंत्रावर काम करतानाही आधी विचारील, "याची वही कोणाकडे आहे?"

संगणक शिकवताना आज्ञा पाठ करून घेणे सोपे असते. पण आज्ञा दर दोन वर्षांनी बदलतात. हा प्रश्न विचारण्याची सवय तेवढी कायम उपयोगी पडते.